नव्या गाण्यांची बैठक कशी चालवावी: ठाणे आणि नवी मुंबईतील स्वतंत्र संगीतकारांसाठी

ठाण्यात गाण्याची आणि गाणे ऐकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. गीतकार पी. सावळाराम या शहरात राहिले आणि इथले नगराध्यक्षही झाले. गायक पंडित राम मराठे यांच्या नावाने महानगरपालिका संगीत महोत्सव भरवते. तलावपाळीवर १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे आणि खाडीपलीकडे वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. मात्र या रंगमंचांवर जाते ते पूर्ण झालेले, तालमी करून बसवलेले गाणे. ज्याचा मुखडा जमला आहे पण अंतरा अजून हाती लागत नाही, असे अर्धे गाणे कोणापुढे म्हणून पाहायचे, हा प्रश्न स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः चाल बांधणाऱ्या आणि पदरमोड करून ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्यासाठी दरमहा एक छोटी बैठक असावी, असे मला मनापासून वाटते. नौपाड्यात अशी बैठक काही वर्षे चालवताना मला एक गोष्ट कळली: गाण्याची तयारी प्रत्येकजण घरून करून येतो, ऐकण्याची तयारी मात्र बैठकीलाच करून द्यावी लागते.

जागा निवडताना स्थानकापासून चालत जाता येईल अशी निवडावी. ट्रान्स हार्बर मार्गामुळे ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे आणि वाशीचे कलाकार ठाण्याला सहज येऊ शकतात, परंतु पेटी किंवा तबल्याची जोडी घेऊन लोकलमधून उतरलेल्या माणसाला पुन्हा रिक्षाच्या रांगेत उभे करणे बरे नव्हे. सोसायटीचे क्लबहाउस, वाचनालयाची खोली, सकाळच्या योगवर्गाची संध्याकाळी रिकामी असलेली जागा, यांपैकी काहीही चालते. खोली फार मोठी नसावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत, म्हणून सतरंज्या अंथराव्यात आणि पडदे ओढून घ्यावेत. दहा-बारा माणसे आणि पाच गाणी एवढेच प्रमाण ठेवावे. साडेसहाला सुरुवात केली आणि प्रत्येक गाण्याला पंचवीस-तीस मिनिटे दिली, तर नऊच्या सुमारास आटोपते आणि पनवेलच्या बाजूला जाणाऱ्यांनाही गाडीची घाई होत नाही.

वाद्ये जुळवण्यासाठी अर्धा तास आधी जमावे. पेटीचे सूर बैठकीत बदलता येत नाहीत, म्हणून गिटार आणि तबला पेटीला मिळवून घ्यावेत. फोनवरच्या ट्यूनरने गिटार स्वतंत्रपणे जुळवून आणली, तर पेटीशी ती किंचित विसंवादी लागते आणि नवा गायक आपलाच सूर चुकतो आहे असे समजून बावरतो. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने तबल्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो, त्यामुळे जोडी पिशवीतून काढून थोडा वेळ खोलीत ठेवावी आणि मगच हातोडी हातात घ्यावी. पट्टीची, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराची, भाषाही दोन्ही प्रकारे सांगावी. शास्त्रीय शिकलेला ‘काळी एक’ म्हणतो तेच गिटारवाला ‘सी शार्प’ म्हणतो. एकजण ‘मध्यलय’ म्हणतो तेव्हा मोबाइलवर लूप लावून रॅप करणाऱ्या घणसोलीच्या मुलाला मिनिटाला किती ठोके हा आकडा हवा असतो. गाण्याच्या कागदावर पट्टी, ताल आणि ठोक्यांचा आकडा असे तिन्ही लिहून ठेवले की सगळे एकाच गाण्याविषयी बोलू लागतात.

आता मुख्य भाग, म्हणजे ऐकणे आणि बोलणे. प्रत्येक गाणे दोनदा म्हटले जावे. पहिल्या वेळी ऐकणाऱ्यांच्या हाती शब्दांचा कागद नसावा, कारण पुढे श्रोत्याच्या हातीही तो नसणार. कोणते शब्द कानाला कळले नाहीत, हे तेव्हाच समजते. दुसऱ्या वेळी कागद वाटावा. त्यानंतर गाणे करणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ ‘अंतऱ्याहून मुखड्यावर येताना धक्का बसतो का?’ आणि चर्चा आधी त्या प्रश्नावर व्हावी. ‘छान झाले’ एवढेच म्हणून थांबू नये. काय छान झाले, कोणत्या ओळीत, चालीतल्या कोणत्या जागेमुळे, हे सांगता आले तरच ती दाद गाणे करणाऱ्याच्या उपयोगी पडते. एखादी चाल जुन्या गाण्यासारखी वाटत असेल, तर नुसता संशय सोडून देऊ नये. कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळते ते गुणगुणून दाखवावे. बहुतेक वेळा साम्य फक्त रागाचे असते आणि करणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते.

बोलण्याचा क्रम मी जाणीवपूर्वक उलटा ठेवला आहे. वयाने किंवा शिक्षणाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या व्यक्तीने शेवटी बोलावे. आपल्याकडे गुरुजींनी एकदा मत दिले की त्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. तो आदर मला मान्य आहे, पण त्यामुळे बैठकीतील नऊ जणांचे कान वाया जातात. आमच्याकडच्या ज्येष्ठ तबलजींना हे सांगताना मला संकोच वाटला होता. ‘अहो, मग मलाही सगळ्यांचं ऐकायला मिळेल,’ असे म्हणून त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

अशी चर्चा किती बारीक असू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. कोपरखैरण्याच्या एका मुलीने केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, चाल बांधली होती आणि ओळ होती ‘खाडीवरून वारा आला’. ती समेच्या (तालाच्या पहिल्या ठोक्याच्या) चार मात्रा आधी उचलत होती, ‘डी’ लांबवत होती आणि सम पडत होती ‘वरून’मधल्या ‘व’वर. पहिल्या वेळी कागद नसताना तिघांनी ‘वरून वारा आला’ असे ऐकले, म्हणजे त्यांच्या लेखी वारा आकाशातून आला होता आणि खाडी ओळीच्या बाहेरच राहिली होती. तिला स्वतःला हे जाणवणे शक्य नव्हते, कारण तिच्या मनात शब्द अखंड होता. तिने मुखडा समेवरूनच उचलून पाहिला आणि ‘डी’वरचा सूर एका मात्रेत आणला. बाकीच्या चालीला हातही लावावा लागला नाही आणि खाडी जागेवर आली. ज्येष्ठ तबलजींनी शेवटी एवढेच सुचवले की ‘आला’नंतर दोन मात्रा मोकळ्या सोडाव्यात. त्या मोकळ्या जागेत ठेका एकटा ऐकू आला तेव्हा आम्ही तिला ती ओळ आणखी चार वेळा म्हणायला लावली.

ध्वनिमुद्रणासाठी साधा फोन पुरेसा आहे. तो एअरप्लेन मोडवर टाकून गायकापासून पाच-सहा फुटांवर, वेगळ्या स्टुलावर ठेवावा; पेटीवर ठेवला तर भात्याची धडधडच जास्त उमटते. पंखा तेवढ्यापुरता बंद करावा. ती फाइल फक्त गाणे करणाऱ्यालाच पाठवावी, व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. अर्धे गाणे बाहेर फिरू लागले की ते पूर्ण करण्याची मोकळीक संपते.

हक्कांविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे मी स्वतः पोळलो आहे. एका आयोजकाकडे विश्वासाने दिलेली माझी चाल पुढे माझ्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली, आणि ती माझी आहे हे दाखवणारा तारीख घातलेला एकही कागद माझ्याकडे नव्हता. म्हणून बैठकीची एक वही ठेवावी आणि त्याच संध्याकाळी, उठण्यापूर्वी, प्रत्येक गाण्यापुढे तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाद्यमेळ कोणाचा हे लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. चर्चेतली सूचना ही भेट समजावी. वर सांगितलेल्या दोन मात्रांसाठी कोणी वाटा मागत नाही. परंतु एखाद्याने संपूर्ण अंतरा नव्याने बांधून दिला असेल, तर तो सहसंगीतकार ठरतो आणि वाटा किती हे त्याच दिवशी ठरवून लिहावे. गाणे चालू लागल्यानंतर हा विषय काढला की मैत्री तुटते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणे निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. शब्द किंवा चाल यांच्या नोंदणीचे शुल्क प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा झाल्यास तो लेखी करारानेच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच मानला जातो. गाण्याच्या वापरावर मिळणाऱ्या स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) गीतकार-संगीतकाराचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने सुरक्षित केला आहे; तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही. म्हणून एकरकमी पैसे घेऊन ‘सर्व हक्क’ लिहून देण्यापूर्वी करार शांतपणे वाचावा. काही गाणी प्रकाशित झाल्यावर आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व अवश्य घ्यावे. गीतकार आणि संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करून वाटण्याचे काम ती करते.

खर्च थोडाच असतो. खोलीचे भाडे आणि चहा सर्वांनी वर्गणी काढून भागवावा. मात्र बाहेरून साथीदार बोलावला असेल तर त्याचे मानधन, रक्कम कितीही लहान असली तरी, आधी ठरवावे आणि निघताना पाकिटात घालून द्यावे. शाल-श्रीफळ देऊन साथीदाराचे देणे फिटले असे मानण्याची सवय स्वतंत्र संगीतकारांनी तरी लावून घेऊ नये, कारण उद्या आपणही कोणाच्या तरी साथीला बसणार असतो.

तीन-चार महिन्यांनी तयार झालेली सात-आठ गाणी घेऊन शेजारपाजारच्या श्रोत्यांसाठी खुली बैठक करावी. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आधी लेखी परवानगी घ्यावी लागते आणि उघड्यावर रात्री दहानंतर तो लावता येत नाही. लहान खोलीत मात्र त्याची गरज नसते आणि खुल्या आवाजातच शब्दांची खरी परीक्षा होते. या दिवशी चर्चा ठेवू नये. प्रत्येक गाण्याआधी गीतकार आणि संगीतकाराचे नाव स्पष्ट उच्चारावे, आणि एखादी ओळ कोणाच्या सूचनेने बदलली असेल तर तेही वहीत पाहून सांगावे.

पुढच्या महिन्याची तारीख पेटीचा भाता बंद करण्यापूर्वी ठरवावी आणि पाच गाणी कोणाची होणार ती नावे वहीत लिहून घ्यावीत. नाव लिहिले गेलेला माणूस गाणे अपुरे असले तरी येतो.