विजेऱ्यांचा संग्रह: काय निवडावे, कसे पारखावे, कसे जपावे

मोबाइलमध्येच उजेड असताना विजेऱ्या जमवायच्या कशाला, हा प्रश्न या छंदात पडलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर विजेरीच्या घडणीत आहे. हे यंत्र पूर्ण उघडता येते, त्याचा एकूण एक भाग नुसत्या नजरेने समजतो, बिघाड झाला तर तो घरच्या टेबलावर दुरुस्त होतो आणि दुरुस्ती साधली की नाही हे बटण सरकवताच कळते. शिवाय गेल्या सव्वाशे वर्षांत सेल, दिवा, धातुकाम आणि प्रकाशशास्त्र यांत जे जे बदलले, ते सगळे या हातभर वस्तूत उतरलेले दिसते. म्हणून या छंदात उतरणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, संग्रहातली प्रत्येक विजेरी पेटती असावी. कपाटात मुकी पडलेली विजेरी कितीही जुनी असली, तरी तिचा अर्धाच आनंद मिळतो.

सुरुवात करण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असला, तर बाजारात समोर आलेली वस्तू ओळखणे सोपे जाते. आज आपण पाहतो त्या नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट डेव्हिड मिझेल या इंग्रज संशोधकाच्या नावे १० जानेवारी १८९९ रोजी नोंदले गेले आणि ते न्यूयॉर्कमधल्या कॉनराड ह्युबर्ट यांच्या कंपनीकडे होते. ‘एव्हरेडी’ हे नाव याच कंपनीतून पुढे आले. त्या पहिल्या विजेऱ्यांची नळी कागदी होती, सेल लवकर थकत आणि दिवा सलग फार वेळ तेवत नसे, तरीही न्यूयॉर्कच्या पोलिसांना त्या उपयोगी वाटल्या. पुढे दिव्यातल्या कार्बनच्या तंतूची जागा टंगस्टनने घेतली, सेल सुधारले आणि विजेरी घरोघरी पोहोचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदरलँड्समध्ये फिलिप्स कंपनीने मुठीत दाबून चालवायची, सेल न लागणारी डायनामोची विजेरी काढली. १९७९ साली कॅलिफोर्नियात अँथनी मॅग्लिका यांची ॲल्युमिनियमची मॅगलाइट आली. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला आणि सगळेच चित्र पालटले. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले.

यातले सगळेच गोळा करू पाहणाऱ्याचे घर भरते, पण संग्रह होत नाही. एक धागा धरावा. कोणी एकाच कंपनीच्या विजेऱ्या जमवतो, कोणी फक्त डायनामोच्या, कोणी खिशात मावणाऱ्या, तर कोणी नव्या एलईडी विजेऱ्यांमध्येच रमतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या नवशिक्याने मात्र पितळी नळीवर निकेलचा मुलामा दिलेल्या, दोन किंवा तीन मोठ्या सेलच्या भारतीय विजेऱ्यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्या अजून मिळतात, त्यांचे सेल कोणत्याही किराणा दुकानात असतात आणि त्यांची दुरुस्ती शिकण्यासारखी आहे. शिवाय शेताला रात्रीचे पाणी द्यायला जाताना किंवा पावसाळ्यात पाऊलवाटेवर साप चुकवताना याच विजेऱ्या आपल्या घरांतून वापरल्या गेल्या आहेत.

भारतीय विजेऱ्यांत एव्हरेडी आणि अलाहाबादची जीप ही दोन नावे वारंवार भेटतील. एव्हरेडीचा लखनौ येथील विजेऱ्यांचा कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला. नळीवर किंवा बुडाच्या झाकणावर युनियन कार्बाइड इंडिया असा ठसा असेल, तर ती विजेरी साधारणपणे १९५९ नंतरची आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापूर्वीची समजावी, कारण एव्हरेडी बनवणाऱ्या कंपनीने ते नाव त्याच काळात वापरले. ठसा हीच विजेरीची जन्मपत्रिका असल्याने पॉलिश करण्याआधी त्याचा तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवावा. निकेलचा थर पातळ असतो आणि दोन-चारदा जोरात घासले की अक्षरे कायमची पुसट होतात.

शोधण्याची खरी जागा म्हणजे मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, तालुक्याच्या गावातली भंगाराची दुकाने आणि नातेवाइकांचे माळे. विचारताना ‘जुनी पितळी बॅटरी आहे का?’ असे विचारावे, म्हणजे विक्रेत्याला लगेच कळते. हातात आली की आधी बुडाचे झाकण फिरवून पाहावे. ते सहज सुटले तर निम्मी काळजी मिटली. सुटत नसेल, तर आत सेल फुटून बसले आहेत असे धरून चालावे आणि भाव त्याप्रमाणे करावा. झाकण निघाल्यावर आतली स्प्रिंग बोटाने दाबून पाहावी, कारण गंजलेली स्प्रिंग दाबताच तुटते. नंतर नळी डोळ्याला लावून पोकळीत पाहावे. हिरवट जंगाल थोडे असेल तर ते साफ होते, पण पितळ खाल्ले जाऊन आतून खड्डे पडले असतील तर ती विजेरी सुट्या भागांसाठीच घ्यावी. बटण पुढे-मागे सरकवताना खाचेत अडखळण्याचा स्पष्ट खटका जाणवला पाहिजे. नुसतेच सैल घसरणारे बटण असेल, तर आतली पितळी पट्टी वाकलेली किंवा रिव्हेट सुटलेली असते. नळीवरचा पोचा मी फारसा मनावर घेत नाही, मात्र डोक्याच्या आट्यांजवळ पोचा असल्यास डोके फिरत नाही आणि झोत जुळवता येत नाही.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे परावर्तक, दिव्याभोवतीची चकचकीत वाटी. दिव्याचा तंतू या वाटीच्या नाभीवर (फोकसवर) नेमका आला की किरण समांतर निघून झोत लांब जातो, आणि डोके फिरवून तंतू मागे-पुढे केला की झोत पसरतो. वाटीवरचा चकचकीत थर इतका पातळ असतो की कोरड्या कापडाच्या एका फटकाऱ्यानेही त्यावर कायमचे ओरखडे उठतात. धूळ असेल तर हवा मारावी आणि तेवढ्यावर थांबावे. थोडा काळवंडलेला परावर्तक चालतो, पुसून खराब केलेला चालत नाही.

आता सफाई. जुन्या साध्या सेलमध्ये जस्ताचे डबडे हाच ऋण ध्रुव असतो, म्हणजे सेल वापरला जातो तसे त्याचे स्वतःचे भांडेच झिजत जाते, आणि शेवटी भोक पडून आतला मसाला बाहेर येतो. हा स्राव किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने पुसावे. त्यानंतरही पांढरी खपली राहिली, तर तिच्यापुरता व्हिनेगरचा बोळा अगदी थोडा वेळ लावावा. अल्कलाइन सेलचा स्राव मात्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे उलट गुणाचा आणि त्वचेला झोंबणारा असतो. तिथे सुरुवातच व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने करावी. दोन्ही वेळा हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, काम झाल्यावर ओल्या फडक्याने आम्लाचा अंश काढावा आणि नळी उन्हात पूर्ण वाळवावी. संपर्काच्या पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने उजळल्या की बहुतेक मेलेल्या विजेऱ्या पेटतात, कारण बिघाड क्वचितच दिव्यात असतो.

सेल आत चिकटून बसले असतील, तर हातोडी उचलू नये. नळी उभी धरून सेलच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडावे, रात्रभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी उलटी करून लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटावी. दोन-तीन दिवस हेच करण्याची तयारी ठेवावी, कारण घाईत फाटलेली नळी पुन्हा जुळत नाही.

दिवा बदलताना त्याच्या कॉलरवरचा आकडा वाचावा. दोन सेलच्या विजेरीला साधारणपणे २.५ व्होल्टचा आणि तीन सेलच्या विजेरीला ३.८ व्होल्टचा दिवा लागतो. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा असूनही आकडे कमी दिसतात, कारण भाराखाली सेलचा विद्युतदाब उतरतो. तीन सेलवर २.५ चा दिवा लावला तर तो क्षणभर लखलखतो आणि तंतू तुटतो. जुन्या विजेरीत एलईडी बसवण्याची पद्धत आता सर्रास दिसते. रोजच्या वापराच्या विजेरीत ते ठीकच आहे, पण संग्रहातल्या विजेरीत मूळ दिवाच असावा असा माझा आग्रह आहे, कारण तो पिवळसर झोत आणि त्याच्या मध्यभागी दिसणारी तंतूची सावली हे त्या काळाचेच अंग आहे.

नव्या एलईडी विजेऱ्यांकडे वळणाऱ्याने खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पैसे घालू नयेत. ल्युमेन म्हणजे बाहेर पडणारा एकूण उजेड, तर कँडेला म्हणजे एका दिशेला एकवटलेली तीव्रता. म्हणून हजार ल्युमेनच्या दोन विजेऱ्यांपैकी एक अंगण उजळते आणि दुसरी समोरच्या डोंगरावरचे झाड दाखवते. झोताचे अंतर काढण्याची रीत सोपी आहे: कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ घ्यावे आणि दुप्पट करावे. १०,००० कँडेला असतील तर अंतर २०० मीटर येते. मात्र त्या टोकाला पडणारा उजेड फक्त पाव लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो, त्यामुळे नीट दिसण्याचे अंतर त्याच्या निम्मेच समजावे. विजेरी किती वेळ चालेल याचा आकडाही उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. शिवाय पूर्ण क्षमतेवर लावलेली छोटी विजेरी तापल्यामुळे काही मिनिटांतच स्वतःचा उजेड उतरवते. रंग खरे दाखवण्याच्या गुणाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मी दोन विजेऱ्या पारखताना त्यांचा झोत आळीपाळीने स्वतःच्या तळहातावर टाकतो, आणि जिच्यात हात निळसर, निर्जीव दिसतो ती कितीही ल्युमेनची असली तरी परत ठेवतो.

या विजेऱ्यांत बहुधा १८६५० जातीचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, हाच त्यातल्या पहिल्या चार आकड्यांचा अर्थ. पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. नामांकित उत्पादकाचाच सेल घ्यावा, वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, सुटे सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नयेत आणि विमानप्रवासात ते चेक-इन सामानात न देता हातातल्या बॅगेत न्यावेत.

साठवणुकीचा नियम एकच आणि तो मोडू नये: ठेवून दिलेल्या विजेरीत साधे किंवा अल्कलाइन सेल कधीही राहू देऊ नयेत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, आट्यांना पेट्रोलियम जेलीचे पुसटसे बोट लावावे आणि चामडी किंवा रेक्झिनच्या म्यानात विजेरी गुंडाळून ठेवू नये, कारण म्यान ओलावा धरते आणि मुलाम्यावर डाग पडतात. पावसाळा संपल्यावर एकदा सगळ्या बाहेर काढून, सेल घालून पेटवून पाहाव्यात.

प्रत्येक विजेरीची नोंद वहीत ठेवावी: कोणत्या कंपनीची, ठशावर काय लिहिले आहे, किती सेलची, दिवा किती व्होल्टचा, कुठून मिळाली, कोणता भाग मूळ आहे आणि कोणता बदलला. बदललेल्या भागाची नोंद प्रामाणिकपणे करावी आणि काढलेला मूळ भाग, तुटका असला तरी, चिठ्ठी लावून पाकिटात जपावा. ज्या घरातून विजेरी आली, तिथे ती कोण वापरत होते आणि कशासाठी, हेही जमल्यास विचारून त्याच पानावर लिहून घ्यावे.