शैवाल चाचणीत पीएच चढतोय? मी काय केलं

मोरचूद (तांब्याचं संयुग, कॉपर सल्फेट) गोड्या पाण्यातल्या शैवालाची वाढ किती रोखतं, याची ७२ तासांची चाचणी लावली होती. कंट्रोलची (मोरचूद न घातलेल्या फ्लास्कची) वाढ १६ पटीच्या वर, म्हणजे झकास. पण पीएच वर पळालेला. ओईसीडी २०१ (या चाचणीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे कंट्रोलमध्ये तो सुरुवातीपेक्षा १.५ एककांहून जास्त चढू नये. शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढतं, हवेतून तो तितक्या वेगाने मुरत नाही, हे खरं दुखणं. पीएच उतरवायला आम्ल टाकायचा सल्ला मिळाला, पण तो मला पटला नाही. फ्लास्क कमी भरले, घट्ट झाकणांऐवजी कापसाचे बोळे लावले, शेकरचा वेग वाढवला (तळाचा हिरवा थरही गेला), सुरुवातीच्या पेशी मिलिलिटरला १०,००० वरून ५,००० केल्या. पीएच ताळ्यावर आला. तांब्याला हे जपावंच लागतं: पीएच हलला की मोकळ्या तांब्याचं (पाण्यात कशाशी न बांधलेल्या तांब्याच्या आयनांचं) प्रमाण हलतं. उडून जाणाऱ्या रसायनाला मात्र बोळे चालणार नाहीत.