टोमॅटोचं वाण निवडताना या चुका टाळा

परसातला टोमॅटो फसला की आपण माती, खत, पाणी अशा सगळ्यांना दोष देतो. बऱ्याचदा चूक बी घेतानाच झालेली असते. पाकिटावरचा लालबुंद फोटो बघून वाण ठरवू नका. लागवड कुठे आणि कोणत्या महिन्यात करणार, ते आधी बघा.

पाटण, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात पानं वाळतच नाहीत आणि करपा हमखास येतो. तिथे जूनची घाई नको, पाऊस ओसरल्यावर रोपं लावा. माण-खटाव, जत-आटपाडीला अडचण उन्हाची. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा आणि रात्रीही उकाडा असला की फळ धरत नाही, फुलं गळतात. अशा वेळी युरिया टाकला तर झाड नुसतं माजतं. इथे डिसेंबरच्या आत लागवड उरकलेली बरी.

उन्हाळ्यात पांढरी माशी व्हायरस पसरवते, पानं आकसून वळतात. एकदा लागण झाली की औषध नाही, झाड उपटूनच टाकावं लागतं. म्हणून वाणच प्रतिकारक घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ (हाच पानं वळवणारा व्हायरस), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. मात्र तो संकरित आहे, त्याचं बी धरून ठेवू नका. पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. बाजारातून आणलेल्या टोमॅटोचं बी पेरणाऱ्यांचीही बहुतेकदा हीच फसगत होते. बी राखायचं असेल तर ‘पुसा रुबी’सारखं सुधारित किंवा शेजारपाजारचं गावठी वाण घ्या.

चेरी टोमॅटोचं फळ बारीक, म्हणून झाडही बारीक असेल असं समजून लोक तो छोट्या कुंडीत लावतात. त्याची बहुतेक वाणं डोक्याच्या वर जातात, त्यांना तारकाठी लागते. गच्चीवर बुटक्या वाढीचं वाण आणि निदान बारा इंची कुंडी घ्या.

सारासाठी मला पातळ सालीचा, आंबट गावठीच आवडतो. त्याला पाणी नियमित हवं; ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की फळ तडकतं. लांबट वाणांत अशाच अनियमित पाण्याने फळाचा बुड काळा पडतो. तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तसं होतं. फवारणीआधी पाण्याची वेळ बांधा आणि झाडाच्या बुडाशी पाचटाचं आच्छादन करा.