बुडेल की तरंगेल? आधी अंदाज सांगा!

मी मुलांना आधी अंदाज सांगायला लावते, मगच वस्तू पाण्यात सोडू देते. नाहीतर प्रयोग राहतो बाजूला आणि नुसती छपछप होते. (ती तशीही होतेच, खाली जुना टॉवेल अंथरा.)

काचेच्या ग्लासात पाऊण ग्लास पाणी घेऊन ताजं कच्चं अंडं अलगद सोडा. ते तळाशी जाईल. शिळं अंडं नको, ते साध्या पाण्यातही वर येतं. आता अंडं बाहेर काढा आणि चमचा-चमचा मीठ घालून ढवळत राहा. मीठ दिसेनासं झालं की विचारा, "गेलं कुठे?" ते कुठेच गेलेलं नसतं, त्याचे कण पाण्यात विखुरतात आणि तेवढ्याच जागेतलं पाणी जड होतं. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम मीठ विरघळलं की तेच अंडं वर येतं! पाणी गढूळ दिसलं तरी हरकत नाही.

मग क्ले घ्या. गोळा बुडतो, त्याचीच पातळ वाटी तरंगते. वजन तेच, पण वाटी जास्त पाणी बाजूला सारते. वाटीत एकेक गोटी ठेवायला सांगा, कितव्या गोटीला बुडेल यावर पैज लावा.

अंडं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हे मात्र सक्तीचं.