जुनी लाइव्ह एलपी घेताना: काय पाहावं, काय ऐकावं, कशी धुवावी

प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेली (लाइव्ह) एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, जुन्या बाजारातून घेताना स्टुडिओतल्या रेकॉर्डपेक्षा जास्त डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. दोन गाण्यांमधलं गायकाचं बोलणं, श्रोत्यांतून आलेली हाक, टाळ्या विरल्यावरची शांतता, यांसाठीच तर ती घ्यायची. आणि खरखर सगळ्यात जास्त टोचते ती याच जागी. अमेरिकन कंट्री आणि लोकसंगीतात तर अनेकदा एक आवाज आणि एक गिटार एवढंच असतं. तिथे काहीच लपत नाही.

उदाहरणाला अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची 'ॲट फॉल्सम प्रिझन' घेऊ. 13 जानेवारी 1968 रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात, कैद्यांसमोर झालेल्या दोन कार्यक्रमांतून कोलंबिया कंपनीने ही रेकॉर्ड काढली. ती लाखोंनी खपली, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळण्याची शक्यता चांगली. मुंबईच्या चोर बाजारात मात्र नशिबाची साथ हवी.

आधी तबकडी बाहेर काढा आणि कव्हरात तीच रेकॉर्ड आहे ना, ते बघा. अदलाबदल फार होते. मूळ स्टीरिओ प्रतीचा क्रमांक सीएस 9639. कव्हर आणि लेबल दोन्हींवर तो जुळायला हवा. लेबलाच्या कडेला '360 साउंड' ही अक्षरं असतील तर प्रत साधारण 1970 च्या आधीची. लाल लेबलाभोवती सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव फिरलेलं असेल तर नंतरची. माझं स्पष्ट मत: फक्त पहिली आवृत्ती म्हणून जास्त पैसे मोजू नका. नंतरची स्वच्छ प्रत ऐकायला केव्हाही सरस.

मग लेबलाच्या मधल्या भोकाजवळ नीट पाहा. तबकडी खिळीवर बसवताना नेम चुकला की लेबलावर केसासारख्या बारीक चंदेरी रेघा उठतात. अशा रेघांचं जाळं दिसलं तर रेकॉर्ड भरपूर वाजली आहे आणि हाताळणाऱ्याने घाई केली आहे, हे समजून जा. विक्रेता चमक दाखवतो. ही खूण सहसा कोणी पुसत नाही.

आता तबकडी उजेडात तिरकी धरा. वरवरचे पुसट ओरखडे चालतात. नखाला लागणारा ओरखडा मात्र वाजणारच. मिनिटाला 33⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद, आडवा ओरखडा दर 1.8 सेकंदांनी 'टक्' करत राहतो. डोळ्यांच्या रेषेत धरून वाकही पाहा. कडेचा हलका बाक पिन सहसा पेलते.

दुकानात वाजवून दाखवत असतील तर सुरुवातीच्या जल्लोषावरून परीक्षा करू नका. मोठ्या आवाजाखाली खरखर दबते. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं लावा. खाणकामगारांचं संथ गाणं आहे, मध्येच कॅशला हसू फुटतं. ते हसणं स्वच्छ ऐकू आलं तर निम्मं काम झालं. मग दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. ते ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्याने रचलेलं, आणि तो समोरच बसला होता. केंद्राजवळच्या खाचांत आवाज आधीच दाटून मुद्रित होतो. त्यात झिजलेल्या पिनेने वाजवलेली प्रत असेल तर 'स' आणि 'श' फाटलेले ऐकू येतात. हा दोष धुऊन जात नाही. अशी प्रत घेऊ नका.

दोन तबकड्यांचा लाइव्ह संच असेल तर एकीवर पहिली-चौथी आणि दुसरीवर दुसरी-तिसरी बाजू दिसेल तेव्हा दचकू नका. रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी तशीच रचना करत असत.

घरी आणल्यावर पहिल्यांदा वाजवण्याआधीच धुवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब पुरतात. लेबल कोरडं ठेवा, मऊ मायक्रोफायबर कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसा आणि उभी ठेवून वाळवा. स्पिरिट मिसळायचं असेल तर मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांपासून ते लांब ठेवा, त्या विरघळतात. धुतलेली तबकडी जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, नवी आतली पिशवी आणा.

पिनेचा भार कार्ट्रिजच्या (पिन जिच्यात बसवलेली असते त्या डबीच्या) कंपनीने सांगितलेलाच ठेवा, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. पिन उडी मारते म्हणून तिच्या दांडीवर नाणं ठेवलं तर खाच कायमची खराब होते.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, उन्हातल्या गाडीत विसरू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. कव्हराच्या कडांना पांढरी बुरशी दिसली की कव्हर वेगळं काढून वाळवा आणि तबकडी पुन्हा धुऊनच वाजवा.