झापोटेक सुती टेबलक्लॉथ: या चुका टाळा

मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून कुणी हातमागाचं टेबलक्लॉथ आणलं की ते एक तर कपाटात पडून राहतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात बिघडतं. कपाटवाल्यांना काय सांगणार? धुणाऱ्यांसाठी मात्र सांगण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोकर आहे की सूत, हेच न बघणं. झापोटेक म्हणजे वाहाकातला एक मूळ रहिवासी समाज. त्यांच्या विणकामात सगळ्यात गाजलेलं गाव तेओतितलान देल वाये, पण तिथले गालिचे लोकरीचे. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग दोन्ही १६व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. त्याआधी इथे कापूस आणि घायपाताचा धागा विणायचे, तोही कमरेला पट्टा बांधून ताणायच्या मागावर. तो माग सांतो तोमास हालिएसा गावात अजून चालतो. तिथले सुती पट्टे आणि रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायच्या लांब पट्ट्या) बघण्यासारखे असतात. मोठी सुती टेबलक्लॉथ हवी असतील तर मितला गाव किंवा वाहाका शहरातली सोचिमिल्को वस्ती. घोळ होतो तो लोकरीच्या छोट्या तुकड्यांचा. ते टेबल मॅट म्हणून घरी येतात, गरम पाण्यात पडतात आणि आटून जाड नमद्यासारखे होतात. मग काही केलं तरी पूर्ववत होत नाहीत. शंका असेल तर दशीतला एक धागा काढून जाळून बघा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर, जळक्या कागदाचा आला तर सूत.

दुसरी चूक लाल रंगाची. ‘नैसर्गिक रंग’ ऐकलं की आपण खूश होतो, पण टेबलावर हाच रंग सगळ्यात नाजूक. वाहाकाचा प्रसिद्ध लाल कोचिनीलचा. नोपाल निवडुंगावर वाढणारे हे किडे वाळवून कुटतात, आणि एका किलोला लाखाहून जास्त किडे लागतात. रंगारी त्यात लिंबू पिळून केशरी छटा काढतात आणि सोड्यासारखा क्षार घालून जांभळी. म्हणजे तुमच्या नॅपकिनवर लिंबाची फोड निथळली की तेच घडणार! डाग पडला म्हणून घाईने खायचा सोडा चोळलात तर भलतीकडे जांभळं. अशा वेळी फक्त साधं पाणी, तेही लगेच. शिवाय कोचिनील लोकरीवर जसा बसतो तसा सुतावर सहज बसत नाही, त्यामुळे स्वस्त आणि भडक लाल सुती कापड बहुधा कारखान्याच्या रंगाचंच असतं. माझ्या मते रोजच्या जेवणाला तेच बरं. वरण सांडलं तरी जीव खालीवर होत नाही.

हळदीचं काय? साबण लागला की डाग लालभडक होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. घाबरून ब्लीच ओतू नका. निळा भाग झाडापासून काढलेल्या खऱ्या निळीचा असेल तर हळदीबरोबर तोही उडेल. साबण पूर्ण खळबळून काढा आणि फक्त डागाचा भाग उन्हाकडे ठेवून बाकीचं कापड झाका. हळद उन्हाने उडते, पण वनस्पतींचे पिवळे रंगही उन्हाने विटतात.

‘कापड आटलं, फसवलं’ ही तक्रार नेहमीची. मागावर उभे धागे ताणलेले असतात. पाणी लागलं की ते सैल पडतात आणि कापड लांबीला जास्त आटतं. म्हणून बेतास बात मापाचं घेऊ नका, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी चांगलं लोंबेल असं घ्या. सहा नॅपकिनचा संच असेल तर पहिल्यांदा सहाही एकत्र, गार पाण्यात धुवा. चारच वापरात ठेवलेत तर पुढे दोन मोठे दिसतील. पिळू नका, ओलं असतानाच हाताने चारी कोपरे ओढून सपाट वाळवा. थोडा दमटपणा असताना उलट्या बाजूने इस्त्री केली की विणीतली नक्षी चपटी होत नाही.

दशा मशीनमध्ये गुंततात, तेव्हा जाळीच्या पिशवीत घाला. एखादी गाठ सुटली तर लोंबणारा धागा ओढू नका, कापूही नका. शेजारच्या तीन-चार धाग्यांसकट कापडाच्या कडेला टेकेल अशी नवी गाठ मारा, आणि मगच खालची टोकं कात्रीने सारखी करा.