घरातल्या दोन मांजरांचं बिनसलं तर

‘भांडू द्या, आपोआप जमेल’ हा सल्ला हमखास मिळतो आणि त्यानंच सगळ्यात जास्त बिघडतं. मांजरं भांडून मिटवत नाहीत. प्रत्येक मारामारीगणिक एकाची धास्ती वाढते आणि दुसऱ्याची भीड चेपते. म्हणून पहिलं काम म्हणजे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवणं.

मात्र ते भांडणच आहे ना, हे आधी पाहा. खेळात आवाज जवळजवळ नसतो, नखं आत असतात आणि आळीपाळीनं कधी हे वर, कधी ते. खऱ्या भांडणात कान डोक्याला चिकटतात, शेपटी फुगते, फिस्कारणं-किंचाळणं होतं, केसांचे पुंजके पडतात. सगळ्यात फसवा असतो तो मुका जाच. एक मांजर दारात किंवा लिटर बॉक्सच्या (शी-शूसाठी वाळू भरलेल्या पेटीच्या) वाटेवर ऐसपैस बसून टक लावतं, दुसरं निमूट मागे फिरतं. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहेत! मग ते दुसरं सोफ्यामागे शू करतं आणि बोलणीही तेच खातं.

भांडण जुंपलं असताना मध्ये हात घालू नका. जाड पुठ्ठा किंवा मोठी उशी दोघांमध्ये सरकवा, नाहीतर एकावर चादर टाका. ओरडणं, पाणी मारणं टाळा. त्या भीतीचं खापर समोरच्या मांजरावरच फुटतं. तुम्हाला चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जा. मांजरांची अंगंही चाचपून पाहा. सुळ्याचं भोक बारीक असतं, वरून लगेच मिटतं आणि आत पू साचतो. गाठ दोन-चार दिवसांनी हाताला लागते.

आजवर गुण्यागोविंदानं राहणारी जोडी एकाएकी फाटली तर आधी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. दुखणारा दात, सांधेदुखी, थायरॉइड यांनी गरीब मांजरही चिडकं होतं. नसबंदी राहिली असेल तर करून घ्या, पण बोक्याचे हार्मोन्स उतरायला काही आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी फरक शोधू नका. खिडकीबाहेर दिसलेल्या परक्या बोक्याचा रागही घरातल्यावर निघतो. तो तासन्‌तास, कधी दिवसभरही धुमसतो. खिडकीचा खालचा भाग कागदानं झाका. दवाखान्यातून परतलेल्याचा वास बदललेला असतो, म्हणून त्याला काही तास वेगळंच ठेवा.

आता पुन्हा ओळख करून देणं. इथे घाई नडते. दोघांना आपापल्या खोलीत पाणी, खाणं, लिटर बॉक्स, लपायची जागा द्या आणि पहिले तीन-चार दिवस एकमेकांना दिसूही देऊ नका. नंतर एकाच्या गालावरून मऊ कापड फिरवून ते दुसऱ्याच्या खाण्याजवळ ठेवा, तसंच उलटही. कापड हुंगून मांजर निवांत खाऊ लागलं की खोल्यांची अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवा, सुरुवातीला दोन-दोन मीटर लांब, आणि रोज वीतभर जवळ सरकवा. एखाद्यानं खाणं सोडून दाराकडे रोखून पाहिलं तर वाटी मागे न्या. दाराला लागून दोघं सलग तीन-चार दिवस आरामात जेवली की मध्ये जाळी लावून दर्शन घडवा: खाऊ देत देत, पाच मिनिटं. फिस्कारलं तरी एवढं बिघडत नाही. टक लावणं जास्त वाईट. ते दिसताच मधे पुठ्ठा धरा आणि आदली पायरी पुन्हा करा. प्रत्यक्ष भेट सगळ्यात शेवटी. त्याआधी दोघांना वेगवेगळं दहा-पंधरा मिनिटं दांडीला बांधलेल्या पिसाशी खेळवून दमवा. हे सारं दोन आठवड्यांत होतं, कधी दोन-तीन महिनेही लागतात.

दार उघडायच्या आधी घराची मांडणीही बदला. दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स लागतात, तेही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत मांडलेले तीन बॉक्स म्हणजे मांजराच्या हिशेबानं एकच. बॉक्सला झाकण नको आणि तो कोपऱ्यात कोंडलेला नको, कारण आत असलेल्याला पळायला वाट हवी. वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा. उंचावर बसायच्या जागा दोन तरी करा, चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट ठेवून. दांडगाई करणाऱ्याच्या गळ्यात घुंगरू असेल तर दुसऱ्याला आधी चाहूल लागते. पट्टा मात्र ओढ बसताच सुटणारा हवा.

भित्रं मांजर दिवसभर जेवलं नाही तर त्याला व्हेटकडे न्या, उपासानं मांजराच्या यकृतावर चरबी चढते. बोका वारंवार बॉक्समध्ये बसून थेंबही येत नसेल तर क्षणभर थांबू नका. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मांजरांना कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल त्यांना विषच आहे.

एवढं करूनही हल्ले थांबत नसतील तर व्हेट काही महिन्यांसाठी चिंता कमी करणारं औषध देऊ शकतात. काही जोड्या त्यानंतरही एकत्र येत नाहीत. अशांसाठी घर वेळेनुसार वाटून द्यावं लागतं: सकाळी एक मोकळं, संध्याकाळी दुसरं. हळूहळू दोघांनाही ते वेळापत्रक पाठ होतं.